‘ऑगमेंट’ म्हणजे नुसतं ‘वाढवणे’ का?

तुम्ही विचारलंय की बँकेच्या परीक्षेची तयारी करताना शब्दकोशात ‘इन्क्रीझ’ आणि ‘ऑगमेंट’ या दोन्हींपुढे ‘वाढवणे’ एवढंच सापडतं, मग ‘प्राइसेस हॅव ऑगमेंटेड’ हे वाक्य क्लासच्या सरांनी का खोडलं. तुम्ही खानापूरकडचे, मी बेळगावच्या शहापुरात इंग्रजीची शिकवणी घेतो, तेव्हा आपल्याच भागातली उदाहरणं देतो.

सरांनी खोडलं ते बरोबरच. पहिलं कारण व्याकरणाचं. दर आपले आपण वाढतात आणि ऑगमेंटला कर्म लागतं. आपल्याकडे कन्नड कानावर असतंच, त्यामुळे हे पटकन कळेल. ‘बेले हेच्चायितु’ म्हणजे दर वाढला, ‘बेले हेच्चिसिदरु’ म्हणजे दर वाढवला. इन्क्रीझ दोन्ही जागी चालतं, ऑगमेंट फक्त दुसऱ्या जागी. जाडजूड शब्दकोशात त्याचा अकर्मक वापरही दिलेला असतो, पण आजच्या लिखाणात तो जवळजवळ दिसत नाही, परीक्षेत तर त्याच्या वाटेलाच जाऊ नका.

पण म्हणून ‘दुकानदारानं दर वाढवला’ इथं ऑगमेंट बसेल का? तिथंही नाही. खरी गोम इथं आहे. मूळ वस्तू जागेवर असते आणि तिच्यात बाहेरून काहीतरी भर पडते, तेव्हाच ऑगमेंट. म्हणून ‘वाढवणे’ सोडा आणि ‘भर घालणे’ किंवा ‘जोड देणे’ धरा. निपाणी भागात कित्येक घरांतल्या बायका शेतमजुरी सांभाळून बिड्या वळतात. मजुरी सुटत नाही, तिला बिड्यांच्या पैशांची जोड मिळते. ‘शी ऑगमेंट्स हर वेजेस बाय रोलिंग बिडीज.’ आपण ‘जोडधंदा’ म्हणतो त्यातली ‘जोड’ म्हणजे हेच क्रियापद. मालकानं मजुरीच वाढवून दिली तर मात्र ‘इन्क्रीझ’ किंवा ‘रेझ’.

बेळगावच्या पाण्याचंही तसंच. शहराला आधीपासून राकसकोप जलाशयाचं पाणी, पुढे हिडकल धरणाचंही आलं. राकसकोप बंद झालं नाही, त्यात भर पडली. सरकारी कागदात अशा योजनेला ‘ऑगमेंटेशन’ म्हणतात तो उगाच भारदस्त शब्द नव्हे, तिथं तो नेमका बसतो. रेल्वेच्या पत्रकात ‘टेम्पररी ऑगमेंटेशन ऑफ कोचेस’ वाचलंत तर समजा, गाडी तीच, सणाच्या गर्दीसाठी एखादा डबा जादा लावलाय.

दहावीला संस्कृत घेतलं होतं का? घेतलं असेल तर हा शब्द तुम्ही नकळत शिकून बसलाय. भूतकाळ करताना ‘भवति’चं ‘अभवत्’ होतं. पुढे येऊन बसणाऱ्या त्या ‘अ’ला इंग्रजीत लिहिलेल्या संस्कृत व्याकरणांत ‘ऑगमेंट’च म्हणतात, आणि पाणिनीच्या परंपरेत ‘आगम’. वैयाकरणांचं एक वचन आहे, ‘मित्रवदागमः, शत्रुवदादेशः’. आगम मित्रासारखा शेजारी येऊन बसतो, आदेश शत्रूसारखा आधीच्याला उठवून त्याची जागा घेतो. मला तर हे इंग्रजी क्रियापद समजवायला याहून चांगली व्याख्या सापडलेली नाही.

‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ आता याच चष्म्यातून बघा. २०१६ साली पोकेमॉन गो आला तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर आपलाच रस्ता दिसायचा आणि त्यावर ते प्राणी उभे असायचे. रस्ता राहतो, वर भर पडते, म्हणजे आगम. ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’चा चष्मा चढवला की खोली दिसतच नाही, सगळं जगच दुसरं. तो आदेश.

मूळ शब्द लॅटिनमधला, ‘औगेरे’, म्हणजे वाढवणे. ‘ऑक्शन’ही त्याच घरातला, कारण लिलावात बोली चढत जाते. हे परीक्षेत विचारत नाहीत, पण लक्षात राहायला बरं.

शेजारचे शब्द थोडक्यात सांगतो. गुण किंवा दर्जा सुधारला तर ‘एनहान्स’. एकदम जोर आला तर ‘बूस्ट’, जसा सणात कापडाच्या विक्रीला येतो. ‘सप्लिमेंट’ मात्र ऑगमेंटच्या अगदी जवळचा, कित्येकदा दोन्ही चालतात. फरक इतकाच की त्यात काहीतरी कमी पडत होतं असा सूर असतो.

उच्चारात जोर ‘मेंट’वर द्या. आणि घाईत ‘आर्ग्युमेंट’ वाचू नका, आमच्याकडची निम्मी पोरं तेच वाचतात.

रिकाम्या जागा भरताना पर्यायांत ऑगमेंट दिसला की आधी कर्म शोधा, मग पुढे ‘विथ’ किंवा ‘बाय’ आहे का बघा. ‘विथ’पुढे भर घातलेली वस्तू येते, ‘बाय’पुढे बहुधा कृती. कर्मच नसेल तर तो पर्याय तिथल्या तिथे काढून टाका. तुमचं वाक्य ‘प्राइसेस हॅव इन्क्रीझ्ड’ असं लिहा, किंवा सरळ ‘प्राइसेस हॅव रिझन’.