मुखत्यार ‘मुख्य’ नव्हे, आणि कुलमुखत्याराला कुळ नसते

प्रश्न असा आला आहे : ‘मुखत्यार हा शब्द “मुख्य”वरून आला का? तसे असेल तर मुखत्याराने सही केलेल्या व्यवहारात समोरच्या माणसाला मुख्य जबाबदार तोच, असे समजायचे का?’

दोन्ही वेळा नाही. मुखत्यार म्हणजे धन्याच्या वतीने व्यवहार करायचा अखत्यार, म्हणजे अधिकार, मिळालेला माणूस. पण आधी ते ‘मुख्यत्यारपत्र’ थांबवा, आणि ‘कुळमुखत्यारपत्र’ही. शिकलेसवरलेले लोकही बेधडक असे लिहितात. कुलमुखत्याराचा कुळाशी काडीचा संबंध नाही. ना कुळकायद्यातल्या, ना कुळाचारातल्या. हा अरबी ‘कुल्ल’, म्हणजे सगळा. ‘बिलकूल’मध्ये दडलेला तोच. सगळ्या कामांचा अखत्यार ज्याला दिला तो कुलमुखत्यार, बस.

आता खरी गंमत. मुखत्यार म्हणजे अरबी ‘मुख्तार’, धातू ख-य-र. ‘अखत्यार’ त्याच घरातला. ‘आज तुझी खैर नाही’ यातली खैरही तिथलीच, आणि खैरातसुद्धा. खैर म्हणजे भले, आणि भले ते वेचून घेणे म्हणजे इख्तियार. मग मुख्तार कोण, निवडणारा की निवडलेला? व्याकरणाने निवडणाऱ्याचे रूप ‘मुख्तयिर’ व्हायला हवे आणि निवडलेल्याचे ‘मुख्तयर’. पण मधला ‘य’ दुबळा. तो दोन्हीकडे गळतो आणि दोघेही ‘मुख्तार’ होऊन बसतात! धनी आणि त्याने नेमलेला माणूस, दोघांना एकच अंगरखा. ‘मुख्तार म्हणजे निवडलेला’ एवढे सांगून हात झटकणाऱ्यांना या शब्दातले निम्मेसुद्धा कळलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण कायद्यातही नेमका हाच घोळ आहे. योगायोग म्हणायचे त्यांनी खुशाल म्हणावे. भारतीय करार कायदा, १८७२ घ्या. मुखत्यार हा या कायद्याच्या भाषेत एजंटच. कलम २२६ म्हणते, त्याने केलेला करार धन्याने स्वतः केल्यासारखाच. कलम २३० म्हणते, करारात वेगळे काही ठरले नसेल तर मुखत्यार स्वतः त्यात बांधला जात नाही. म्हणजे तिऱ्हाइताने, व्यवहारातल्या समोरच्या माणसाने, धरायचे ते धन्याला. पण हेच कलम पुढे तीन ठिकाणी उलटे गृहीत धरते : परदेशात राहणाऱ्या व्यापाऱ्यासाठी मालाची खरेदी-विक्री केली तर, धन्याचे नाव सांगितलेच नाही तर, किंवा नाव सांगूनही त्या धन्यावर दावा लावता येत नसेल तर. मुखत्यार असा स्वतः अडकला की कलम २३३ तिऱ्हाइताला मोकळीक देते : याला धर, त्याला धर, नाहीतर दोघांनाही धर. अखत्यार नसताना मुखत्यार म्हणून मिरवणाऱ्याचा समाचार कलम २३५ घेते. धन्याने तो व्यवहार मान्य केला नाही, तर नुकसानभरपाई त्या तोतयाने द्यायची.

(मी ‘तिऱ्हाईत’ म्हणतो, ‘त्रयस्थ’ नाही. त्रयस्थ म्हटले की आज अलिप्त माणूस डोळ्यांपुढे येतो. ज्याचे पैसे अडकलेत तो कसला अलिप्त!)

‘मुखत्यार परका, अभिकर्ता लिहा’ असे सांगणाऱ्या शुद्धीवाल्यांना मी एवढेच विचारतो, वकिलाचे काय करणार? वकीलही अरबीच, ज्याच्यावर काम सोपवले तो. १७८४ साली बादशहा शाह आलमने पेशव्यांना ‘वकील-इ-मुतलक’ केले आणि महादजी शिंदे झाले त्यांचे नायब, म्हणजे दुय्यम. मुतलक म्हणजे बंधन सुटलेला, धातू त-ल-क. तलाकही त्याच धातूचा! तेव्हा वकील-इ-मुतलक म्हणजे चक्क कुलमुखत्यार, आणि महादजी म्हणजे मुखत्याराचे मुखत्यार. आजच्या कलम १९२ प्रमाणे रीतसर नेमलेल्या उपमुखत्याराच्या कृतीने मूळ धनी तिऱ्हाइताशी बांधला जातो. त्या हिशेबाने महादजींनी दिलेल्या शब्दाला जबाबदार बादशहा. त्याच्याकडे तेव्हा द्यायला काय उरले होते, हा भाग वेगळा.