जग इतकं जोडलं गेलं, तरी विकसनशील देश पुन्हा पुन्हा संकटात का सापडतात?

तुम्ही विचारलं आहे की व्यापार वाढला, भांडवल जगभर फिरायला लागलं, मग गरीब देशांचं भलंच व्हायला हवं होतं. तरी त्यांच्यापुढची आर्थिक आणि सामाजिक आव्हानं संपत का नाहीत?

आधी एक गोष्ट कबूल करायला हवी, भलं झालं आहेच. १९९० मध्ये जगातले एक तृतीयांशाहून जास्त लोक अतिदारिद्र्यात होते. २०१९ पर्यंत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आलं, आणि त्यात चीनचा वाटा फार मोठा आहे. त्यामुळे जगापासून तुटून राहा असा सल्ला मी कोणत्याच देशाला देणार नाही. माझं दुखणं वेगळं आहे. निर्णय एकीकडे होतात आणि त्यांची झळ दुसरीकडेच बसते.

मी अर्थशास्त्र शिकवतो आणि या विषयाची सुरुवात नेहमी कर्जापासून करतो. श्रीमंत देश स्वतःच्या चलनात कर्ज काढू शकतात. गरीब देशाला परदेशातून पैसा हवा असेल तर तो बहुधा डॉलरमध्ये घ्यावा लागतो, कमाई मात्र स्थानिक चलनात होते. थायलंडचं उदाहरण घ्या. जुलै १९९७ मध्ये तिथल्या सरकारला बाट या आपल्या चलनाचा डॉलरशी बांधलेला दर सोडून द्यावा लागला. तोवर एका डॉलरला साधारण २५ बाट पडत होते. जानेवारी १९९८ मध्ये ५० च्या वर पडू लागले. म्हणजे ज्याच्यावर शंभर डॉलरचं कर्ज होतं, त्याला आधी अडीच हजार बाट फेडायचे होते आणि सहा महिन्यांनी पाच हजारांहून जास्त. मधल्या काळात त्याने एक डॉलरही नव्याने घेतलेला नव्हता. कारखाने बंद पडले, माणसं घरी बसली. बाटचा दर कधीच न ठरवलेल्या माणसांची ही गत झाली.

हेच कमीअधिक फरकाने पुन्हा घडतं. मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने आपल्या देशातली महागाई आवरण्यासाठी व्याजदर जवळपास शून्यावरून वर्षभरात पाच टक्क्यांपर्यंत नेले. त्या बँकेची जबाबदारी अमेरिकेपुरती आहे, तिला दोष देता येत नाही. पण डॉलर महागला, नवं कर्ज मिळेनासं झालं, आणि आधीच कर्जात रुतलेल्या घानाने त्या डिसेंबरात बहुतेक परदेशी कर्जाची परतफेड थांबवली.

बुडालेल्या कंपनीसाठी दिवाळखोरीचा कायदा असतो. देशासाठी तसा कायदाच नाही. झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता चुकवला. कर्ज देणाऱ्या सरकारांशी तडजोड व्हायला जून २०२३ उजाडलं, देशाचे कर्जरोखे विकत घेतलेल्या खासगी गुंतवणूकदारांशी व्हायला २०२४. इतका काळ देश अधांतरी लटकलेला. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आयुष्यात ही वर्षं परत येत नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास संस्थेने २०२३ मध्ये सांगितलं की जगातले ३३० कोटी लोक अशा देशांत राहतात जिथे शिक्षणावर किंवा आरोग्यावर होतो त्यापेक्षा जास्त खर्च व्याजावर होतो. सामाजिक आव्हान म्हणून काही वेगळं शोधायची गरज नाही, ते या एका आकड्यात आहे.

मग कर्ज घ्यावंच का लागतं? कारण विकायला कच्चा माल असतो आणि विकत घ्यायला यंत्रं, औषधं, तेल. झांबियाच्या निर्यातीतला मोठा हिस्सा एकट्या तांब्याचा. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना पिकवतात, पण चॉकलेटमधला मोठा नफा दुसरीकडे राहतो. स्वतःचे कारखाने उभे करायचे म्हटलं तर नियम आड येतात. दक्षिण कोरियाने आपला मोटारउद्योग आयातीपासून जपून, देशी सुट्या भागांचा आग्रह धरून वाढवला. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आल्यावर तशी देशी भागांची सक्ती करायला मनाई झाली. दुसरीकडे अमेरिकेने आपल्या कापूस उत्पादकांना दिलेल्या अनुदानांमुळे माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड इथल्या शेतकऱ्यांचा भाव पडला. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी ही अवस्था.

ज्यांनी कारखाने उभे केले त्यांनी काय किंमत मोजली तेही पाहा. बांगलादेशच्या निर्यातीत ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा तयार कपड्यांचा आहे, आणि या कामाने लाखो बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पगार आला. हे मला फार मोलाचं वाटतं. पण २४ एप्रिल २०१३ ला कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही तिथली इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसं मेली. भिंतींना तडे गेल्याचं आदल्या दिवशीच दिसलं होतं, तरी शिवणकामगारांना कामावर बोलावलं गेलं. माल वेळेत जायला हवा होता. त्यानंतर परदेशी ब्रँडना कायद्याने बांधणारा सुरक्षा करार झाला. तो आधीही होऊ शकला असता, याची मला आजही चीड येते.

माणसांच्या स्थलांतराबद्दल थोडक्यात सांगतो. नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतकी रक्कम परदेशात राबणारे लोक घरी पाठवतात. त्यावर घरं चालतात, पण मुलं आईबापाविना वाढतात. गरीब देशाने शिकवलेली परिचारिका श्रीमंत देशात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ५५ देशांची यादी केली, जिथे आधीच आरोग्यसेवक अपुरे आहेत.

सगळं खापर बाहेरच्यांवर फोडणंही खोटं ठरेल. श्रीलंकेच्या सरकारने २०१९ च्या अखेरीस करांत मोठी कपात केली, एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. पीक बुडालं. महामारीने पर्यटन आधीच ठप्प होतं, आणि एप्रिल २०२२ मध्ये देशाने परदेशी कर्ज फेडणं थांबवलं. हे निर्णय कोलंबोत झाले होते.

काय बदलता येईल, असं विचाराल तर मी ग्रेनाडाकडे बोट दाखवेन. कॅरिबियन समुद्रातल्या या छोट्या बेटांच्या देशाने आपल्या कर्जरोख्यांत एक कलम घालून घेतलं होतं: मोठं चक्रीवादळ आलं तर हप्ते पुढे ढकलता येतील. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळाने त्याच देशातलं कॅरियाकू बेट उद्ध्वस्त केलं. सरकारने ते कलम वापरलं आणि हप्त्यांचा पैसा आधी देशातच वापरता आला. त्यासाठी कोणापुढे हात पसरावे लागले नाहीत, वर्षानुवर्षं वाटाघाटी कराव्या लागल्या नाहीत, कारण सही करतानाच ते ठरलेलं होतं.