नावेला नाव आणि मग नावे ठेवणे

या वेळच्या टपालात गमतीच्या लोकमतदानांविषयीची पत्रे सर्वाधिक होती; म्हणून हे पान त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : ब्रिटनमध्ये एका जहाजाचे नाव लोकांनी मतदानाने ठरवले आणि सरकारने ते बाजूला सारले, असे ऐकले. हे खरे आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : खरे आहे, आणि हा किस्सा मराठीत सांगण्यात विशेष मौज आहे, कारण नाव म्हणजे होडी, नाव म्हणजे नाम आणि नावे ठेवणे म्हणजे दोष काढणे, हे तिन्ही अर्थ त्यात ओळीने येऊन जातात. ब्रिटनच्या नैसर्गिक पर्यावरण संशोधन परिषदेने ध्रुवीय समुद्रात जाणाऱ्या, सुमारे २० कोटी पौंड खर्चाच्या नव्या संशोधन नौकेसाठी मार्च २०१६ मध्ये जनतेकडून नावे मागवली. एखाद्या दर्यावर्दीचे किंवा शास्त्रज्ञाचे भारदस्त नाव पुढे येईल, अशी परिषदेची अपेक्षा असावी. प्रत्यक्षात रेडिओवर पूर्वी निवेदन करणाऱ्या एका गृहस्थांनी गमतीने ‘बोटी मॅकबोटफेस’ असे नाव सुचवले आणि लोकांनी ते उचलून धरले. ‘मॅक’ हा स्कॉटिश आडनावांत ‘अमक्याचा मुलगा’ या अर्थाने येतो. आपल्याकडे तेच नाव ‘होडूबाई होडीमुखे’ असे काहीतरी झाले असते. या नावाला १,२४,१०९ मते पडली आणि दुसऱ्या क्रमांकाच्या नावाला ३४ हजारांच्या आसपास.

मात्र अंतिम निर्णय परिषदेचा राहील, हे नियमांत आधीच लिहिलेले होते. त्याचा आधार घेऊन मे महिन्यात नौकेला निसर्गपटांचे निर्माते आणि निवेदक सर डेव्हिड ॲटनबरो यांचे नाव देण्यात आले. त्यांचा नव्वदावा वाढदिवस अवघ्या दोन दिवसांवर होता. एवढ्या आदरणीय माणसाचे नाव पुढे केल्यावर आता तक्रार कोण करणार? लोकांचाही मान राहावा म्हणून ‘बोटी मॅकबोटफेस’ हे नाव नौकेवरच्या मानवरहित पाणबुडीला मिळाले. तरीही नावे ठेवणाऱ्यांनी नावे ठेवलीच आणि संसदेच्या विज्ञान समितीने परिषदेच्या प्रमुखांना बोलावून या प्रकरणाची विचारपूस केली. माझ्या मते परिषदेचे यात काहीच बिघडले नाही. २०१७ मध्ये तीच पाणबुडी अंटार्क्टिकाजवळच्या ऑर्कनी पॅसेज या भागात खोल पाण्याच्या प्रवाहांची मोजणी करण्यासाठी गेली, तेव्हा एरवी चार शास्त्रज्ञांनीच वाचली असती अशी ती बातमी जगभर छापली गेली.

प्रश्न : पक्ष्यांच्या निवडणुकीत वटवाघूळ निवडून आले, ही बातमी मी वाचली होती. ती थट्टा होती की सत्य? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : सत्य. न्यूझीलंडमध्ये ‘फॉरेस्ट अँड बर्ड’ ही निसर्गसंवर्धन संस्था २००५ पासून ‘वर्षाचा पक्षी’ निवडण्यासाठी मतदान घेते. २०२१ मध्ये संस्थेने यादीत लांब शेपटीच्या वटवाघळाचाही समावेश केला, कारण त्या देशात मूळचे म्हणावेत असे जमिनीवरचे सस्तन प्राणी म्हणजे केवळ वटवाघळेच आणि तीही संकटात आहेत. पक्ष्यांच्या यादीत पाहुणे म्हणून आलेले वटवाघूळ थेट पहिले आले, तेव्हा पक्षिप्रेमींचा एक गट चांगलाच रुसला. पण वटवाघळाला इतकी प्रसिद्धी याआधी क्वचितच मिळाली असेल.

या निवडणुकीला बोगस मतदानाचीही परंपरा आहे. २०२० मध्ये लहान ठिपकेदार किवीच्या नावावर एका रात्रीत दीड हजारांहून अधिक खोटी मते पडली. ती रद्द झाली आणि काकापो हा उडू न शकणारा गलेलठ्ठ पोपट विजयी झाला. आपल्याकडच्या मतदारयाद्यांवरून चालणारे वाद वाचून सुस्कारे टाकणाऱ्यांना यातून थोडा दिलासा मिळेल.

खरी धमाल २०२३ मध्ये झाली. संस्थेला शंभर वर्षे झाली म्हणून त्या वर्षी ‘शतकाचा पक्षी’ निवडायचा होता आणि अमेरिकेतले विनोदी कार्यक्रमकर्ते जॉन ऑलिव्हर यांनी नियम वाचून पाहिले, तर मत कोणत्याही देशातून देता येत होते. त्यांनी ‘पुटेकेटेके’ या पक्ष्याची बाजू घेतली. हा पक्षी आपल्या तळ्यांवर बुड्या मारणाऱ्या टिबुकलीच्या कुळातला असून त्याच्या डोक्यावर तुरा असतो, पिल्लांना तो पाठीवर बसवून फिरवतो आणि जोडीदाराला रिझवताना चोचीत पाणवनस्पती धरून नाच करतो. ऑलिव्हर यांनी स्वतः पक्ष्याचा वेश करून दूरचित्रवाणीवर हजेरी लावली आणि वेलिंग्टन, पॅरिस, टोकियो, लंडन येथे, इतकेच काय पण आपल्या मुंबईतही, प्रचाराचे फलक लावले. निवडणुकीच्या फलकांना सरावलेल्या मुंबईकराला तुरेवाला उमेदवार पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करून पाहावी. मते इतकी आली की छाननीसाठी निकाल दोन दिवस लांबला. पुटेकेटेकेला २,९०,३७४ मते मिळाली आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या, म्हणजे साक्षात किवीला, १३ हजारही मिळाली नाहीत. बाहेरून आलेल्या पुढाऱ्याने स्थानिक दिग्गजाला आपल्याच गावात पाडावे, तसा हा प्रकार झाला.

प्रश्न : लठ्ठपणाची स्पर्धा अस्वलांमध्ये का घेतात? (एक वाचक, लातूर)

उत्तर : अस्वलांसाठी लठ्ठपणा म्हणजे हिवाळ्याची बेगमी. अलास्कातील कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात तपकिरी अस्वले उन्हाळाभर ब्रुक्स नदीतले सॅमन मासे खातात, कारण पुढे कित्येक महिने गुहेत झोपून काढायचे असतात आणि तेव्हा साठवलेल्या चरबीवरच गुजराण होते. ही गोष्ट लोकांना कळावी म्हणून २०१४ मध्ये उद्यानाने एका दिवसाचे मतदान घेतले आणि पुढच्या वर्षापासून त्याचा सप्ताह झाला. दोन अस्वलांची छायाचित्रे समोरासमोर ठेवतात आणि कुस्तीच्या दंगलीसारखा हरलेला गडी बाद होत जातो. ओटिस नावाच्या वयस्क अस्वलाने हा मान चार वेळा मिळवला. २०२४ मध्ये ग्रेझर ही मादी जिंकली. अंतिम फेरीत तिने हरवलेला चंक हा नर तोच होता, ज्याने त्याच उन्हाळ्यात तिच्या दोन पिल्लांवर हल्ला केला होता आणि त्यातले एक दगावले होते. मतदारांनी त्या वेळी केवळ चरबी पाहिली, असे मला वाटत नाही. पुढच्या वर्षी मात्र चंकच विजेता ठरला, तोही मोडलेल्या जबड्यानिशी.

प्रश्न : भारतात असे काही झाले आहे का? (एक वाचिका, पणजी)

उत्तर : झाले आहे. २००७ मध्ये जगातील नवी सात आश्चर्ये निवडण्यासाठी झालेले मतदान आठवून पाहा. ताजमहालासाठी मोबाइलवरून संदेश पाठवण्याची देशभर एवढी लाट आली होती की मत न देणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाई. ७ जुलै २००७ रोजी लिस्बनमध्ये लागलेल्या निकालात ताजमहाल होता. तो उपक्रम एका खासगी प्रतिष्ठानाचा होता आणि आपला त्याच्याशी संबंध नाही, असे युनेस्कोने स्पष्ट केले होते. पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते. संदेश पाठवण्याचा सराव आपल्याला दोन वर्षे आधीच झालेला होता, कारण ‘इंडियन आयडॉल’च्या पहिल्या पर्वात मुंबईचा अभिजीत सावंत अशाच संदेशांच्या बळावर मार्च २००५ मध्ये विजेता झाला होता.

याहून हळुवार मतदान २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झाले. राष्ट्रीय फुलपाखरासाठी सात नावांतून लोकांची पसंती विचारण्यात आली आणि पहिल्या तिघांत आपल्या बागांमध्ये दिसणारे ‘हळदीकुंकू’ही होते. पंख मिटल्यावर दिसणारे पिवळे आणि लाल ठिपके ज्याने पाहिले आहेत, त्याला हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

प्रश्न : अशा मतदानावरून लोकमत कळते का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. ज्याला हौस आहे तोच मत देतो. अमेरिकेत १९३६ मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने वाचकांकडून आलेल्या २० लाखांहून अधिक उत्तरपत्रिका मोजून राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्ट हरणार असे छापले आणि ते ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले.

प्रश्न : आमच्या सोसायटीत आलेल्या मांजरीचे नाव ठरवण्यासाठी व्हॉट्सॲपवर कौल घेतला. ‘सेक्रेटरी’ या नावाला सर्वाधिक मते पडली. आमचे सेक्रेटरी नाराज आहेत. काय करावे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : व्हॉट्सॲपवर कोणी कोणाला मत दिले ते सर्वांना दिसते, हे मतदारांनी आधी लक्षात घ्यायला हवे होते, आता सेक्रेटरींकडे यादी तयार आहे आणि पाण्याच्या टाकीची किल्लीही त्यांच्याकडेच असणार. फेरमतदान घेऊ नये, कारण त्यात हेच नाव अधिक मताधिक्याने येईल. ब्रिटिश तोडगा वापरावा : मांजरीला सोसायटीतल्या सर्वांत ज्येष्ठ, सर्वांना प्रिय असलेल्या आजींच्या पसंतीचे नाव द्यावे आणि ‘सेक्रेटरी’ हे नाव तिच्या पहिल्या पिल्लासाठी राखून ठेवावे. तोवर सोसायटीची वार्षिक सभा होऊन गेलेली असेल आणि कदाचित सेक्रेटरीही बदललेले असतील.