स्लॉट म्हणजे राखीव जागा नव्हे!

बॉस्टनच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: पॅट्रियट्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या रोस्टरमधले (म्हणजे खेळाडूंच्या यादीतले) जुने 'स्लॉट रिसीव्हर' वेल्कर, अमेंडोला आणि एडलमन यांची तुलना मराठीत लिहितोय, त्यांना 'राखीव झेलकरी' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. २०२१मध्ये लसीसाठी मोबाइल उराशी धरून बसलो, तेव्हापासून स्लॉट म्हणजे राखून ठेवलेली वेळ, एवढंच आपल्या डोक्यात बसलंय. डॉक्टरांचा स्लॉट, हॉलचा स्लॉट. परवा एका लग्नात 'जेवणाचा स्लॉट' ऐकला. (मुहूर्ताचा नाही ऐकला, नशीब.) राखीव खेळाडू बाकावर असतो, स्लॉट रिसीव्हर हा गडी मैदानात असतो. आक्रमणाच्या रांगेतला शेवटचा धिप्पाड गडी आणि पार कडेला उभा असलेला रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, या दोघांमधल्या मोकळ्या पट्ट्यात. तो पट्टा म्हणजे स्लॉट. इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचमधून घेतला तो गळ्याखालच्या खळीसाठी. पुढे खाच झाली, नाणं टाकायची फट झाली. वेळापत्रकातली जागा फार उशिराची.

कोशवाले 'खाच' सुचवतील. खाचेत वस्तू घट्ट बसते, आणि या गड्याला तर क्षणात निसटायचं असतं. माझा शब्द 'सांदी', दोन घरांच्या मधली. सांदी, सांधा आणि संधी ही तिन्ही एकाच 'संधि'ची लेकरं. वेल्कर जेमतेम पाच फूट नऊ इंच. सांदीत उभा राहून त्याने २००७ ते २०१२ या सहा हंगामांत ६७२ झेल घेतले. एक जाणकार म्हणतात, सांदी आणि संधी ही माझी कोटी आहे. कोटी नाही, व्युत्पत्ती आहे! त्यांनी एकदा भंडारदऱ्याजवळची सांधण दरी उतरून यावी, दोन्ही खांदे कातळाला घासले की पटेल.

पण खरी गंमत वाचकाने सहज लिहून टाकलेल्या 'रोस्टर'मध्ये आहे. डच भाषेत रोस्टर म्हणजे भाजायची जाळी! आडव्याउभ्या रेघांचा तक्ता जाळीसारखा दिसतो, म्हणून पाळ्यांची यादीही रोस्टर झाली आणि लष्करातून इंग्रजीत आली. आता अमेरिकन फुटबॉलचं मैदान आठवा. त्यालाही रेघांमुळेच 'ग्रिडआयर्न' म्हणतात, म्हणजे पुन्हा भाजायची जाळीच! म्हणजे संघातल्या ५३ जणांची नावं एका जाळीवर आणि अंग शेकायला दुसरी जाळी. डच स्पेलिंग इंग्रजीतल्या कोंबड्यासारखं असल्याने 'कोंबडा आरवला की हजेरी, म्हणून रोस्टर' असं छातीठोक सांगणारे विद्वान आहेत. त्यांच्या कोंबड्याला डच शेजार मिळालेला दिसत नाही. आपल्या सरकारने मात्र आरक्षणाच्या रोस्टरला 'बिंदुनामावली' केलं. जाळी गेली, ठिपके उरले.

हो, तुलना राहिलीच. २०१३मध्ये वेल्कर डेन्व्हरच्या संघात गेला, त्याच्या जागी अमेंडोलाला आणलं, तो दुखापतीने अडला आणि १०५ झेल घेतले एडलमनने, जो कॉलेजात चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक होता. लेखात हे येऊ द्या. 'झेलकरी'ही राहू द्या, छान आहे. फक्त 'राखीव' काढा आणि 'सांदीतला' लिहा.