पालक, अंडी आणि कालची भाजी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी सोलापूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून आलेली बरीचशी पत्रे अंड्यांबरोबर पालक शिजवण्याविषयी आणि रात्री उरलेल्या भाजीचे सकाळी काय करावे याविषयी आहेत. त्यांतील समान प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : कस्तुरबा मंडईतून आणलेला ताजा पालक घालून मी अंड्याची भुर्जी करते, परंतु दर वेळी तिला पाणी सुटते, अंडी चिवट होतात आणि भाजीचा रंग काळपट हिरवा दिसतो. अंड्यांचे प्रमाण वाढवूनही फरक पडला नाही. काय करावे?

हे पाणी पालकाचे आहे, त्यामुळे अंडी वाढवून ते कमी होणार नाही. पालकाच्या वजनात सुमारे ९० टक्के पाणी असते आणि उष्णता व मीठ लागताच ते पानांतून भराभर बाहेर येते. अंड्याचा पांढरा भाग मात्र साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला आणि बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट होऊ लागतो, म्हणजे पाण्याला उकळी फुटण्याच्या कितीतरी आधी अंडे शिजून तयार असते. दोन्ही जिन्नस एकाच वेळी कढईत पडले की अंडी लगेच शिजतात, पालकाचे पाणी त्यानंतरही सुटत राहते, ते आटवण्यासाठी आपण आच वाढवतो आणि त्या जादा आचेने अंड्यातील प्रथिने आणखी आवळून स्वतःमधले पाणीही बाहेर टाकतात. भुर्जी एकाच वेळी पाणचट आणि चिवट होते ती यामुळे.

म्हणून पालक आधी स्वतंत्रपणे कोरडा करून घ्यावा. चार अंड्यांना निवडलेला पालक दीडशे ते दोनशे ग्रॅम पुरतो. पाने चिरण्यापूर्वी दोन-तीन पाण्यांत धुवावीत, कारण चिरलेल्या पानांतील माती नीट निघत नाही, आणि धुतल्यावर ती चाळणीत पूर्ण निथळू द्यावीत. पसरट कढईत तेल, जिरे, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची घालून त्यावर चिरलेला पालक मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता आणि मीठ न घालता परतावा. तीन-चार मिनिटांत तो बसतो आणि सुटलेले पाणी आटते. कढईच्या तळाशी पाण्याऐवजी तेल दिसू लागले की पालक ताटलीत काढून ठेवावा. त्याच कढईत कांदा परतून, मीठ घालून फेटलेली अंडी मंद आचेवर हलवावीत आणि ती अर्धवट घट्ट झाली की पालक मिसळून आच बंद करावी. कढईच्या उष्णतेवर उरलेले शिजणे पुरे होते. ज्यांना अंडे पूर्ण घट्ट लागते, आणि लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांच्यासाठी ते तसेच असावे, त्यांनी आणखी एखादे मिनिट ठेवावे.

रंगाचे कारण निराळे आहे. झाकण ठेवून किंवा टोमॅटो घालून बराच वेळ शिजवले की पालकातील हरितद्रव्य आम्लामुळे बदलते आणि पाने शेवाळी दिसू लागतात. त्याशिवाय अंडे गरजेपेक्षा जास्त तापले की पांढऱ्या भागातील गंधक आणि बलकातील लोह यांचा संयोग होऊन राखट हिरवी छटा येते. फार वेळ उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती दिसणारे हिरवट कडेही त्याचेच. यात अपायकारक काही नाही, तरी चव आणि रूप दोन्ही उतरतात. टोमॅटोऐवजी ताटात वाढल्यावर लिंबू पिळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या भागातील एक उपाय आवर्जून सांगते. इतके करूनही थोडा ओलावा राहिलाच, तर कडक भाकरीचा मूठभर चुरा शेवटी भुर्जीत मिसळावा. ज्वारीची ही वाळलेली भाकरी पाणी चटकन शोषते आणि भुर्जीला खमंगपणा आणते. चुरा आधी घातला तर त्याचा लगदा होतो, म्हणून तो वाढण्याच्या अगदी आधीच पडला पाहिजे. वरून शेंगांची चटणी भुरभुरल्यास वेगळ्या मसाल्याची गरज उरत नाही.

प्रश्न : आमच्याकडे पालकाचा गरगट्टा नेहमी जास्त होतो आणि दुसऱ्या दिवशी तो कोणी खात नाही. त्यात अंडी घालता येतील का?

उत्तम प्रकारे घालता येतील. गरगट्ट्यात तूर डाळ घोटलेली असल्याने तो दाट असतो आणि अंड्याला हवा तसा आधार देतो. रात्रीचा गरगट्टा फ्रिजमध्ये ठेवलेला असावा. सकाळी लागेल तेवढाच पसरट भांड्यात काढून, दोन-चार चमचे पाणी घालून, रटरटून उकळी येईपर्यंत गरम करावा. मग आच मंद करून डावाच्या पाठीने त्यात खळगे करावेत, प्रत्येक खळग्यात एकेक अंडे फोडून घालावे, त्यावर चिमूटभर मीठ टाकून झाकण ठेवावे आणि सहा-सात मिनिटांनी उघडून पाहावे. पांढरा भाग पूर्ण घट्ट झालेला असावा. वरून लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी ओतली की कालच्या भाजीचा शिळेपणा जाणवत नाही, आणि गरम भाकरीबरोबर ते पूर्ण जेवण होते. अंडे फोडताना प्रत्येक वेळी आधी वाटीत फोडून पाहावे, नाहीतर एका खराब अंड्यापायी सगळे भांडे टाकावे लागते.

पालकाची सुकी भाजी उरली असेल, तर ती दोन फेटलेल्या अंड्यांत आणि दोन चमचे बेसनात कालवून तव्यावर जाडसर पोळा घालावा. येथे बेसन हवेच, कारण भाजीतील ओल तेच धरून ठेवते. पातळ पालकभाजीचा मात्र पोळा करू नये, तो उलटताना मोडतो. तिच्यासाठी वरची खळग्यांची पद्धतच योग्य, फक्त आधी तिला थोडे आटवून घ्यावे.

प्रश्न : पालक पुन्हा गरम केल्यास विषारी होतो, असे ऐकले. खरे काय? तसेच घरातील माणसे सकाळी सातला डबा घेऊन कारखान्यात जातात आणि दुपारी एकला जेवतात. डब्यात पालक घातलेली भुर्जी द्यावी का?

पालकात नायट्रेट नावाचा घटक नैसर्गिकपणेच बराच असतो. शिजवलेली भाजी तासन् तास बाहेर राहिली की जिवाणूंमुळे त्याचे नायट्राइट होऊ लागते, आणि ते लहान बाळांना विशेष बाधू शकते. दोष गरम करण्यापेक्षा बाहेर ठेवण्यात अधिक आहे. निवताच फ्रिजमध्ये गेलेली आणि दुसऱ्या दिवशी एकदाच कडकडीत गरम केलेली भाजी मोठ्या माणसांनी खाण्यास हरकत नाही. तान्ह्या बाळाला मात्र ठेवलेला पालक देऊच नये.

डब्याविषयी माझे उत्तर नकारार्थी आहे. शिजवलेले अंडे सामान्य तापमानात दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासाची मर्यादा पाळावी, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि बंद डबा ऊब धरून ठेवतो, तेव्हा सहा तास हा काळ फारच मोठा होतो. डब्यात कडक भाकरी, शेंगांची चटणी, कांदा आणि सुकी उसळ द्यावी, आणि अंडी रात्रीच्या ताज्या जेवणात ठेवावीत.

याच कारणाने घरातही माझा आग्रह असा आहे की उरवायचा असेल तर नुसता पालक उरवावा आणि अंडे दर वेळी ताजे फोडावे. परतून कोरडा केलेला पालक झाकणाच्या डब्यात, ५ अंशांच्या खाली चालणाऱ्या फ्रिजमध्ये, दोन दिवस चांगला राहतो. अंड्यांसह शिजवलेली भाजी दुसऱ्यांदा तापवली की रबरासारखी होते. वीज बराच वेळ गेली असेल, तर फ्रिजमधील शिजवलेल्या अंड्यांचा मोह सोडावा.

प्रश्न : उकडलेली चार अंडी उरली आहेत. त्यांचे पालकाबरोबर काय होईल?

सालासकट फ्रिजमध्ये असतील तर ती आठवडाभर टिकतात. सोललेली त्याच दिवशी संपवावीत. पालक उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात काढावा आणि वाटावा. परतलेल्या कांद्यावर थोडा काळा मसाला व दोन चमचे शेंगांचे कूट घालून त्यात हा वाटलेला पालक शिजवावा, आणि चिरा दिलेली अंडी शेवटच्या पाच मिनिटांसाठी सोडावीत.

प्रश्न : रक्त कमी असल्याने पालक आणि अंडी रोज खावीत का?

दोन्ही पदार्थ पौष्टिक आहेत, पण रक्तवाढीसाठी केवळ त्यांवर विसंबून राहू नये. वनस्पतींतील लोह शरीरात कमीच शोषले जाते आणि अंड्याच्या बलकातील एक प्रथिनही लोह धरून ठेवते. लिंबू किंवा पेरू यांतील क जीवनसत्त्वाने शोषण सुधारते, तर चहाने ते घटते, म्हणून चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा. बलकातील स्निग्धांश पालकातील कॅरोटीन शोषण्यास मदत करतो, हा या जोडीचा खरा लाभ आहे. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी पालकातील ऑक्झॅलिक आम्लामुळे आधी डॉक्टरांना विचारावे. रक्तासाठी डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या पालक खाण्याच्या भरवशावर बंद करू नयेत.