पहिल्यांदा बेसबॉल बघायला जाताय? वेळेचा हिशोब असा ठेवा

अरे, साडेतीन-चार तास जातील म्हणून घाबरू नकोस, ते जुनं झालं. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये २०२१ ला नऊ इनिंगची (एका इनिंगमध्ये दोन्ही टीम एकेकदा बॅटिंग करतात) मॅच सरासरी ३ तास १० मिनिटं चालायची, २०२३ ला पिच क्लॉक, म्हणजे बॉल टाकायला वेळ ठरवून देणारं घड्याळ आलं आणि ती थेट २ तास ४० मिनिटांवर आली. आधी काय व्हायचं, पिचर (बॉल टाकणारा) बॉल हातात फिरवत उभा, बॅटर बाहेर येऊन ग्लोव्हजचे पट्टे सोडतोय परत बांधतोय, आणि आपण नुसते बघत बसायचो. आता बेस (रन काढताना गाठायचे टप्पे) रिकामे असतील तर पिचरला १५ सेकंद, कोणी बेसवर असेल तर १८. उशीर केला की बॅटरच्या खात्यात फुकटचा ‘बॉल’ (असे चार झाले की तो आयता पहिल्या बेसवर), आणि घड्याळात ८ सेकंद उरले असताना बॅटर तयार नसेल तर त्याला स्ट्राइक (असे तीन झाले की आउट). म्हणून स्टेडियममध्ये ते घड्याळ कुठंय ते आधी शोध, मजा तिथेच आहे.

पण शेवटची ट्रेन गाठायची असेल तर जरा जपून हां, कारण इथे ड्रॉ नसतो, बरोबरी झाली की एक्स्ट्रा इनिंग. रेग्युलर सीझनमध्ये दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर आयता रनर उभा करतात म्हणून लवकर निकाल लागतो, प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) मात्र ती सोय नाही, २०१८ च्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे फायनलची, तिसरी मॅच १८ इनिंग, ७ तास २० मिनिटं चालली होती! खायला लाइनीत उभं राहायचं तर इनिंग चालू असताना जा, ब्रेकमध्ये सगळं पब्लिक तिथेच असतं.