घाम गाळून उतरवलेलं वजन

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ पुण्यात जॉकी आहे, वजन 52 किलो. शर्यतीच्या आदल्या दिवशी पाणी सोडतो, रेनकोट घालून पळतो, कुणीतरी दिलेली लघवीची गोळीही घेतो. सुट्टीला कोल्हापुरात आला की तांबडा-पांढरा दाबून खातो. काय करावं?

उत्तर : दादा, आधी ती गोळी बंद करा. डोपिंगच्या नियमांत तिला बंदी आहे, आणि पोटॅशियम ढळलं तर हृदयाचे ठोकेच बिघडतात. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत तीन कॉलेज पैलवान वजन तोडता तोडता गेले.

माझा भाऊ तालमीत होता. वजनाच्या आदल्या रात्री अंगातलं पाणी उतरवायला डब्यात थुंकत बसायचा. सकाळी त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली तरी तशीच उभी राहायची. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

लिटरभर घाम म्हणजे किलोभर वजन, पण त्यात चरबी नसते. तुमच्या भावाचं तेवढं पाणी गेलं की दम आणि लक्ष दोन्ही ढळू लागतं, आणि खाली घोडा ताशी 60 किलोमीटरनं पळत असतो!

वजन उतरवायचंच तर आठवड्याला अर्धा किलो, जास्त नाही. उपास नको. ज्वारीची भाकरी, डाळ, दोन अंडी, ताक रोज हवंच. अर्धपोटी जॉकींची हाडं ठिसूळ होतात आणि पडणं या धंद्यात चुकत नाही. सुट्टीत मटण खाऊ दे, तांबड्यावरचा कट काढून. पांढरा वाटीभरच, त्यात नारळ असतो. एवढं करूनही वजन बसेना, तर ज्यांना हलका जॉकी लागतो ते घोडे नाकारायला सांगा.